गार पाणी आणि मीठ

मागच्या दारातून शेठ आत आला तेव्हा मी वसतिगृहाच्या चादरींना नीळ देत होते. शेठ म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा एकुलता एक मुलगा. लॉन्ड्री आम्हा दोघी विधवांच्या हाडांवर चालायची आणि हा पुढच्या खुर्चीत बसून हुकूम सोडायचा, म्हणून ते नाव मीच ठेवलं होतं. कपडे घरोघर पोचवायला तेवढा आनंदाने जायचा, कारण त्यात गाडी उडवायला मिळायची. त्या दिवशी सकाळीही तो निळ्या पट्ट्यांचा शर्ट घालून गाठोडी पोचवायला निघाला होता. दुपारी परत आला तेव्हा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत लाल होता.

जाऊबाईंनी वर पाहिलं. "काढ," एवढंच म्हणाल्या. त्याने शर्ट काढून दिला आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या उजव्या तळहाताला आडवा काप होता, त्यातून वेगळंच रक्त गळत होतं. जाऊबाईंनी कोपऱ्यातली पत्र्याची बादली ओढली, गार पाण्याने भरली, मूठभर मीठ टाकलं आणि शर्ट त्यात बुडवला. रक्ताला गरम पाणी लावायचं नाही, डाग पक्का बसतो. हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या हेच करत आल्या होत्या. त्यांच्या हातांना विचार करावा लागला नाही आणि डोक्याने मध्ये पडायचं टाळलं.

मग त्या त्याच्यासमोर बसल्या आणि त्याच्या हाताला चिंधी बांधू लागल्या. तेव्हा कुठे तो बोलू लागला. तो बायकोला आणायला तिच्या आईकडे गेला होता. ती येत नव्हती. जिन्यात त्याने तिचा हात धरला तर ती त्याच्यावर थुंकली. गाठोड्यांच्या दोऱ्या कापायचा चाकू त्याच्या खिशात होताच.

"जिवंत आहे का ती?" मी विचारलं.

"कितीदा मारला ते मला आठवत नाही, काकू," तो म्हणाला. तळहाताकडे बघत म्हणाला, "मूठ ओली झाली, पातं सटकलं." जणू आम्ही त्याच्या हाताची चौकशी करत होतो.

चाकू त्याने नाल्यात फेकला होता. कोणी पाहिलं नव्हतं. कोणी विचारलं तर मी सकाळपासून इथंच इस्त्री करत होतो म्हणून सांगा, असं तो म्हणाला. हा आणि इस्त्री! दुसरी वेळ असती तर मी पोट धरून हसले असते.

सूनबाई या घरात आली ती जाऊबाईंच्या हौसेने. तिची आई आणि आम्ही दोघी मंडळातल्या. आमच्या ज्यू समाजात कोणी गेलं की मंडळाची माणसं मृताला न्हाऊ घालतात, पुरुषांना पुरुष आणि बायकांना बायका. तहारा म्हणतात त्याला. जाऊबाई अंग धुवायच्या, मी वरून पाण्याची धार तुटू न देता धरायची, आणि सूनबाईची आई कफनाचे कपडे शिवायची. साधं पांढरं सुती कापड, खिसा नाही आणि कुठेही गाठ नाही. दोरा सुरू करतानाही गाठ मारायची नाही आणि संपवतानाही नाही. एवढ्या वर्षांत तिच्या हातून एकदाही गाठ पडली नव्हती. असंच एकीचं तहारा उरकून परतताना वाटेत दोघींनी मुलांचं जमवून टाकलं. आधी एकमेकींना अगं-तुगं करायच्या, मग थट्टेने विहीणबाई, विहीणबाई करू लागल्या आणि थट्टेचंच पुढे पक्कं झालं.

पोरगी हसरी होती. इस्त्री करताना गुणगुणायची. पहिल्या वर्षातच शेठने तिच्या कानाखाली अशी लगावली की डाव्या कानाने तिला नीट ऐकू येईना. मग दाढ पाडली. मग एकदा तापलेली इस्त्री पायावर ठेवली. दोनदा ती आईकडे पळून गेली आणि दोन्ही वेळा जाऊबाई स्वतः जाऊन, समजूत काढून तिला घेऊन आल्या. विहीणबाईंनीही पाठवली. नवरा-बायकोत कुरबुरी चालायच्याच, असं दोघींनी एका सुरात तिला सांगितलं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा तिने दोघींना निक्षून सांगितलं की आता मला तिथून आणाल ती तुमच्या त्या फळीवरच. मृताला निजवून न्हाऊ घालतात त्या तहाराच्या फळीबद्दल बोलत होती ती. विहीणबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

त्याच दुपारी फोन आला तो घड्याळवाले काकांचा. ते घड्याळं दुरुस्त करतात आणि मंडळाचं सगळं बघतात. मीच उचलला. काका रडत होते, त्यांचं वाक्य पुरं होत नव्हतं. पोरगी जिन्यात सापडली. विहीणबाई बाजारातून परतल्या आणि त्यांचाच पाय तिला लागला. पोलीस आले आहेत. मग थोडं सावरून म्हणाले, "तुम्ही दोघी तहाराला येऊ नका. घरचंच माणूस आहे म्हणून नाही. तिला न्हाऊ घालायचं नाहीये. रक्त गेलंय ना."

मला कळलं आणि जाऊबाईंना मी सांगितल्यावर त्यांनाही कळलं. ज्याचं रक्त वाहून जीव जातो, त्याला आम्ही धूत नाही. अंगावरचे कपडेही काढत नाही. जाताना वाहिलेलं रक्त त्या माणसाचंच असतं, शरीराएवढंच, आणि ते त्याच्याबरोबर मातीत जावं लागतं. जमिनीवर सांडलं असेल तर माती खरवडून घ्यायची, चटईवर असेल तर चटई द्यायची. वर नुसती पांढरी चादर गुंडाळायची. मागे एकदा गिरणीत माणूस गेला तेव्हा मंडळातल्या पुरुषांनी यंत्राचा पट्टासुद्धा कापून आणला होता.

जाऊबाई उठल्या आणि बादलीपाशी गेल्या. शर्टातलं रक्त सुटून सगळं पाणी लाल झालं होतं. उत्तम सुटलं होतं, धंद्याच्या हिशेबाने. त्या बादलीकडे बघत राहिल्या.

"धाकटे, मी हे काय केलं गं," त्या म्हणाल्या.

"ओतून टाक ना ते," शेठ भिंतीपासून म्हणाला. "मोरी तिथंच आहे."

जाऊबाईंनी हंड्यावरचं झाकण काढलं आणि बादलीवर ठेवलं. मग स्टूल ओढून बादलीशेजारी बसल्या. संध्याकाळी फौजदार आले तेव्हाही त्या तिथेच होत्या. फौजदार अंगाने जाड, आवाजाने मऊ. त्यांनी बराच वेळ शेठला विचारलं. तो रडला, आणि रडता येतं त्याला, लहानपणापासून. हाताला काय झालं, तर इस्त्री लागली म्हणाला. मग फौजदारांनी जाऊबाईंना विचारलं की दुपारी हा कुठे होता.

"घरीच होता," जाऊबाई म्हणाल्या. पोटचा गोळा तो. मीही मान हलवली. फौजदारांची नजर झाकलेल्या बादलीवरून फिरली आणि पुढे गेली. लॉन्ड्रीत झाकलेली बादली कोणाच्या डोळ्यांत भरणार?

ते गेल्यावर शेठचा सूर पालटला. दुपारचा भेदरलेला तो आता पुन्हा शेठ झाला. ही बादली अजून इथं का आहे म्हणून आईवर ओरडला. जाऊबाई स्टुलावरून उठल्या नाहीत. मृताला पुरेपर्यंत एकटं सोडायचं नाही अशी आमच्यात रीत आहे, कोणीतरी शेजारी राखण बसायचं असतं. पोरीजवळ शवागारात मंडळातल्या बायका आळीपाळीने बसल्याच असतील. जाऊबाई इथे बादलीजवळ बसल्या. मी त्यांना दोनदा झोपायला बोलावलं, मग नाद सोडला. सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा त्या तशाच ताठ बसल्या होत्या आणि ओठांतल्या ओठांत स्तोत्रं पुटपुटत होत्या. चहा नको म्हणाल्या. राखणीवर असताना खात-पीत नाहीत.

पोलिसांच्या डॉक्टरांचं काम आटोपलं, दुपारी दफन ठरलं. शेठला तयार होणं भाग होतं. तो नवरा, म्हणजे पहिला शोककर्ता. कबरीपाशी त्याचे कपडे फाडायचे, त्यानेच पहिली माती टाकायची, त्यानेच कद्दिश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणायचं. त्याने माझ्याकडे पांढरा शर्ट मागितला. नवा शर्ट. फाडायलाच लागतो तर जुना घाल म्हटलं, तर लोक काय म्हणतील म्हणाला. मी इस्त्री तापत ठेवली आणि शर्ट करायला घेतला. मन इतकं विटलं होतं की कॉलरला दोनदा चुण्या पडल्या.

तेवढ्यात मोरीकडून भांडं आदळल्याचा आवाज आला. गेले तर शेठने झाकण भिरकावलं होतं आणि बादलीची कडी धरून ओढत होता. जाऊबाईंनी दोन्ही हातांनी बादलीला मिठी मारली होती. तो त्यांना शिव्या देत होता. मी ज्या शिव्या लिहिणार नाही त्या त्याने सख्ख्या आईला दिल्या. त्याने त्यांच्या हातांवर बुक्क्या मारल्या. बोटं सुटेनात म्हणून त्याने बरगडीत लाथ घातली. जाऊबाई कळवळल्या, पण बादलीवर पालथ्या झाल्या आणि अंगाखाली तिला झाकून घेतलं. त्याने दुसरी लाथ घातली. तिसरीही. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे, पुन्हा ऐकायची इच्छा नाही. सून इथे याच फरशीवर अशीच पडायची आणि तेव्हा आम्ही दोघी पुढच्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालत असायचो.

मी परत गेले आणि इस्त्री घेऊन आले. चौथ्या लाथेला त्याने पाय उचलला तेव्हा मी ती त्याच्या उजव्या हातावर, चिंधीच्या वर, दाबून धरली. तो गुरासारखा ओरडला. कातडी जळाल्याचा वास आला. मी इस्त्री काढली नाही. त्याने मला ढकललं तेव्हाच सुटली, आणि मी मोरीच्या कडेवर आपटले. डोक्याला खोक पडली.

"आता कोणी विचारलं तर खरं सांग," मी म्हणाले. "इस्त्री लागली."

तो आमच्या दोघींकडे बघत धापा टाकत उभा राहिला. त्या क्षणी त्याने आम्हाला जिवे मारलं असतं, यात मला काडीची शंका नाही. पण बाहेर काकांनी हाक मारली. पुरुषमंडळी त्याला न्यायला आली होती. जाऊबाई कोपरावर उठल्या. त्यांच्या नाकातून रक्त येत होतं ते त्यांनी पदराने, बाजूला वळून पुसलं. एक थेंब बादलीत पडू दिला नाही.

"तू जा पुढं," त्या त्याला म्हणाल्या. "लोक खोळंबलेत. मी ओतते ते."

तो खूश झाला. आई शेवटी आईच, असं काहीतरी त्याच्या तोंडावर उमटलं. मी दिलेला शर्ट त्याने चढवला, भाजलेल्या हातावर बाही ओढताना विव्हळला आणि गेला.

मी जाऊबाईंच्या बरगड्यांभोवती चादर घट्ट आवळली. माझ्या डोक्याला त्यांनी फडकं बांधलं. त्यांनी बादलीची एक बाजू धरली, मी दुसरी, आणि आम्ही रस्त्याने निघालो. कबरस्तान लांब नाही, पण मोडक्या बरगडीला लांबच. लोक बघत होते. लॉन्ड्रीच्या बायका बादली घेऊन चालल्या आहेत, यात बघण्यासारखं काय ते त्यांनाही सांगता आलं नसतं. थोडं चाललं की त्या थांबायच्या, श्वास घ्यायच्या, झाकण नीट बसवायच्या आणि पुन्हा कडी धरायच्या.

आम्ही पोचलो तेव्हा पेटी खाली सोडून झाली होती. साधी लाकडी पेटी, आत पोरगी कालच्याच कपड्यांत, वरून चादर. कपडे तिच्या अंगावरच राहू देत म्हणून काकांनी डॉक्टरांना हात जोडले होते, ते मला नंतर कळलं. विहीणबाई कबरीच्या डोक्याशी उभ्या होत्या. त्यांच्या पोलक्यावर उजव्या बाजूला काकांनी ब्लेडने चीर दिली होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने खाली फाडत नेली होती. आई-बापांसाठी फाडतात ते डावीकडे, काळजावर. मुलासाठी, नवरा-बायकोसाठी उजवीकडे. साऱ्या गावाला कफन शिवून दिलं या बाईने आणि पोटच्या पोरीसाठी टाका घालायची वेळ आली तर शिवायला काही नव्हतं. त्यांचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते.

शेठचा शर्टही फाडून झाला होता. फाटलेली बाजू वाऱ्याने हलत होती. तो हमसून हमसून रडत होता आणि दोघांनी त्याला सावरून धरलं होतं. मग तो पुढे झाला आणि ढिगात रोवलेलं फावडं त्याने उपसलं. आमच्यात फावडं हातातून हातात देत नाहीत. एकाने मातीत रोवायचं, दुसऱ्याने तिथून उचलायचं, म्हणजे दुःख या हातातून त्या हातात जात नाही. पहिली माती फावड्याच्या उलट्या बाजूने टाकायची, कारण या कामाची घाई कोणाला नसते. त्याने फावडं उलटं धरलं, सगळं अगदी रीतसर.

तेव्हा जाऊबाई पुरुषांच्या रांगेतून पुढे गेल्या. बाई पुढे आली म्हणून कोणीतरी कुरकुरलं. त्यांनी बादली कबरीच्या कडेला ठेवली, झाकण काढलं आणि हात घालून शर्ट वर काढला.

निळ्या पट्ट्यांचा शर्ट. काल सकाळी तोच शर्ट घालून शेठ तिथल्या निम्म्या माणसांच्या दारात उभा राहिला होता. घड्याळवाले काकांच्याही. काकांनी शर्टाकडे पाहिलं, मग शेठकडे, आणि त्यांच्या हातातलं ब्लेड खाली पडलं. शर्टातून लाल पाणी निथळत होतं आणि जाऊबाई तो बादलीच्या बरोबर वर धरून होत्या, एक थेंब बाहेर जाऊ नये म्हणून.

"हे तिचं आहे," त्या विहीणबाईंना म्हणाल्या. "माझ्याकडे राहिलं होतं."

विहीणबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला मी रडणं म्हणणार नाही. शेठ मात्र क्षणभरही थांबला नाही. त्याने फावडं फिरवलं. आईच्या डोक्याचा नेम होता, पण काकांनी त्याला धक्का दिला आणि पातं जाऊबाईंच्या दंडात बसलं. मांस उघडं पडलं. बादली कलंडली, अर्धं पाणी मातीच्या ढिगावर सांडलं. त्याने पुन्हा फावडं उचललं आणि या वेळी ते काकांच्या खांद्यावर पडलं. मग सगळे त्याच्यावर तुटून पडले. ज्यांनी त्याला सावरून धरलं होतं तेच दोघे पहिले. मयताला आलेली, थोड्या वेळाने कद्दिश म्हणणारी माणसं त्याला लाथांनी तुडवत होती. त्याचं तोंड मातीत घासत होती. कोणाच्या तरी बुटाखाली त्याचे दात गेले. मला अजिबात दया आली नाही. फाटकाशी उभे असलेले फौजदार शिपायांना घेऊन धावत आले आणि त्यांनी त्याला ओढून काढला नसता तर त्या दिवशी दुसरी कबर खणावी लागली असती. फाडलेला शर्ट अंगावर लोंबत असतानाच त्याला गाडीत कोंबला.

फौजदार परत आले आणि त्यांनी बादलीतला शर्ट मागितला. काका एका हाताने खांदा धरून त्यांच्याशी वाद घालू लागले की तो मातीतच जायला हवा. पुरावा आहे तो, फौजदार म्हणाले, याच्यावाचून हा सुटेल. जाऊबाई खाली बसल्या होत्या, दंडातून रक्त वाहत होतं. त्यांनी शर्ट बादलीवर पिळला. सावकाश, घडी घालून, आम्ही चादर पिळतो तसा, पाणी यायचं थांबेपर्यंत पिळला आणि मग फौजदारांच्या हातात दिला.

"काल मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "तो घरी नव्हता. काय विचारायचं ते विचारा, पण हे एवढं झाल्यावर."

फौजदार बाजूला झाले.

जाऊबाईंनी बादली तिरपी केली. पेटीच्या डोक्यापासून पायापर्यंत, धार तुटू न देता, तहाराच्या वेळी मी धरते तशी धार त्यांनी धरली. न्हाऊ घालून झालं की आम्ही मृताला हाक मारतो आणि आमच्याकडून काही कमी-जास्त झालं असेल तर माफी मागतो. ते शब्द ठरलेले आहेत. जाऊबाईंनी ते शब्द म्हटलेच नाहीत.

"दोनदा आणलं मी तुला, पोरी," त्या म्हणाल्या. "मला माफ करू नकोस."

सांडलेली माती राहिली होती. मी गुडघे टेकले आणि ढिगावरची ओली माती हातांनी उचलून कबरीत टाकू लागले. मंडळातल्या बायका आल्या. विहीणबाईही वाकल्या. कोरडी माती लागेपर्यंत आम्ही ढीग खरवडला, नखांत माती गेली. मग पुरुषांनी फावडी घेतली, एकाने रोवायचं, दुसऱ्याने उचलायचं. कद्दिश विहीणबाईंच्या भावाने म्हटलं.

जाऊबाईंच्या दंडाला टाके पडले, बरगड्यांना पट्टा. फौजदारांना जबाब देऊन झाल्यावर त्यांना घरी सोडलं. आमच्या घरी शोकाला बसायला कोणीच नव्हतं. आई, बाप, भावंडं, मुलं आणि नवरा, एवढ्यांनाच शिवाला, म्हणजे त्या सात दिवसांना बसायचा हक्क. सासूला नाही. त्यामुळे आमच्याकडे आरसा झाकला नाही, बुटकं स्टूल काढलं नाही, आणि एक माणूसही फिरकलं नाही. गिऱ्हाइकांनी कपडे परत नेले, काहींनी न धुतलेलेच.

विहीणबाईंकडे मात्र रीघ होती. दुसऱ्या दिवशी जाऊबाई तिथे जायला निघाल्या. मी हात जोडले, म्हटलं बाई, ते तुम्हाला दारात ठेचतील. तरी गेल्या, म्हणून मीही गेले. जिन्यातली रक्त लागलेली फरशी उखडून नेलेली होती, तिथे पाय टाकताना त्यांनी कठडा घट्ट धरला. आम्ही आत गेलो. विहीणबाईंचा भाऊ उठून पुढे आला, पण विहीणबाईंनी हाताने त्याला थांबवलं. फाटलेलं पोलकं तसंच अंगावर, त्या बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. जाऊबाई दाराजवळ जमिनीवर टेकल्या.

शोकाच्या घरी गेलं की आपण आधी बोलायचं नसतं. शोकात असलेलं माणूस बोलेल तेव्हाच बोलायचं, नाही बोललं तर नुसतं बसून उठून जायचं. विहीणबाई बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जाऊबाई परत गेल्या. रोज गेल्या, मधला शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचा दिवस सोडून, तेव्हा उघड शोक करत नाहीत. एकदा कोणीतरी जाता जाता त्यांच्यावर थुंकलं, एकीने चपलेने पाठीत मारलं. त्या हलल्या नाहीत, विहीणबाईंकडे बघत बसून राहिल्या. विहीणबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

सातव्या दिवशी सकाळी थोडा वेळ बसलं की शिवा संपतं. काकांनी गळ्यात अडकवलेल्या हाताने खूण करून विहीणबाईंना उठा म्हटलं. त्या उठल्या नाहीत. जाऊबाईंकडे पाहून म्हणाल्या, "बादली विसळलीस का?"

लग्न जमल्यापासून त्यांनी जाऊबाईंना अगं म्हटलं नव्हतं.

"दोनदा," जाऊबाई म्हणाल्या. "कबरस्तानातल्या नळावर. ते पाणीही तिथंच ओतलं, माती पुरती लोटायच्या आधी."

"आणि शर्ट?"

"खटला संपला की पुरायला देतो म्हणालेत. पिळला, तरी कापडात राहतंच गं." मग जाऊबाईंनी तेही सांगितलं जे सांगितलं नसतं तरी कोणाला कळलं नसतं. "त्यात त्याच्या हाताचंही थोडं असेल. कापलं होतं त्याला."

मला वाटलं, आता विहीणबाई त्यांना घराबाहेर काढणार, आणि काढावंच, असंही वाटलं. विहीणबाई म्हणाल्या, "वेगळं कसं करणार आता."

त्या भिंतीला धरून उठल्या. शिवा संपलं की बाहेर एक फेरी मारून यायची असते, पण त्या आधी कपाटाकडे गेल्या. कफनाच्या तागातून उरलेलं पांढरं कापड काढलं, टेबलावर पसरलं, सुई घेतली आणि उजेडाकडे धरून दोरा ओवला. त्याला गाठ मारली नाही.

"पिशवी केवढी लागेल ते दाखव," त्या म्हणाल्या.

जाऊबाई पुढे झाल्या. बांधलेला दंड पुरता उचलता येत नव्हता, तरी त्यांनी दोन्ही हात कापडावर ठेवले आणि घडी घातलेल्या शर्टाएवढं अंतर दाखवलं.